हशामागे दोन आवळे

एका जंगलात, बाळांनो, वडाखाली गबाजी अस्वलाची नाटकमंडळी होती. मंडळी म्हणजे तरी काय? गबाजी, त्याची बायको धुरपाबाई आणि पेटी वाजवणारा साळिंदर. पण तिसरी घंटा झाली की मुंगी शिरायला जागा नसायची!

तिकडे सिंहमहाराजांनी नवी गुहा बांधायला काढली आणि खजिना आटला.

"महाराज, रयत फार हसते," प्रधान कोल्हा म्हणाला. "जिथे हशा पिकेल, तिथल्या मालकाने दर हसण्यामागे दोन आवळे भरावेत. वन्स मोअरला चार!"

वसुलीला घोरपड नेमली. ती एकदा चिकटली की सुटते होय? थेट रंगमंचावर बसली. कोणी फिस्सकन हसलं की शेपूट आपटायची. "तिसरा ससा! गबाजी, दोन आवळे!"

आता सगळ्यांचा गबाजीवर भारी जीव. त्याला भुर्दंड नको म्हणून सशांनी तोंडात पाला कोंबला. माकडांनी एकमेकांची तोंडं दाबली. राणी झालेला गबाजी स्वतःच्याच लुगड्यात अडकून धपकन पडला. एरवी इथे वड हलायचा. आज चौथ्या दिवशीही चिडीचूप! बिचाऱ्या गबाजीला रडूच कोसळलं.

"अहो, हसत नाहीत तर खेळ कशाला? पेटी द्या वाळवीला," धुरपाबाई म्हणाली.

"मेलो तरी देणार नाही!" म्हणत गबाजी तडक दरबारात गेला. मागोमाग सगळी रयत आणि घोरपडही.

प्रधान अहवाल वाचत होता. "चार दिवस झाले, कोणी हसत नाही. वसुली शून्य. सबब, ही तूट भरून काढायला न हसण्यावरही कर लावावा."

गबाजीचं पोट हललं. मग खांदे हलले. मग तो जो हसत सुटला, तो गडबडा लोळलाच! सशांच्या तोंडातला पाला उडाला. चार दिवसांचं कोंडलेलं हसू एकदम फुटलं. साळिंदर ओरडला, "वन्स मोअर!"

प्रधान हुरळला आणि अहवाल पुन्हा वाचला, हातवारे करून!

धप्प! घोरपडीने शेपूट आपटली. "महाराज, दरबाराचे मालक आपण. दोन हजार आवळे."

"कर रद्द!" महाराज गरजले.

"उद्यापासून. आजचे भरा," घोरपड म्हणाली आणि सिंहासनाला चिकटली.

आवळे आणायचे कुठून? अखेर घोरपडीने नवी गुहाच जप्त करून नाटकाला दिली. हल्ली गबाजीचे खेळ तिथेच होतात. हशा काय घुमतो म्हणता!

तात्पर्य: कलेवर कर जरूर लावावा. फक्त मग दरबार बंद ठेवावा.