भांडा बरं माझ्याशी

सुरतेतल्या आमच्या बमरोलीच्या दवाखान्यात डॉक्टर कमल बोरसे नवे दात देण्याआधी पेशंटला आपल्याशी भांडायला लावतात. भांडण लुटुपुटूचं नसतं. आवाज जिन्यातून खाली जातो, खालच्या फरसाणवाल्याचा झारा कढईवर थबकतो आणि बाकावर बसलेला एखादा नवा पेशंट पायानेच चपला चाचपायला लागतो. मग रिसेप्शनवरच्या ज्योत्स्नाबेन विणकामातून मान वर न करता म्हणतात, “बेसो, बेसो. झघडो नथी, ट्रायल छे.”

ट्रायल म्हणजे दातांची. कवळी पक्की करण्याआधी दात मेणात बसवतात आणि ते पेशंटच्या तोंडात घालून बघतात. ओठ नीट मिटतात का, ‘स’ म्हणताना शिट्टी वाजते का, ‘व’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला कुठे टेकतात, हे सगळं तेव्हाच कळतं. मेण आहे तोवर दात हलवता येतात, नंतर नाही. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की अशा वेळी पेशंटला आकडे म्हणायला लावायचे. सगळे डॉक्टर तेच करतात.

“आकडे म्हणताना माणूस शाळेत जातो,” बोरसेबाई म्हणतात. “हात मांडीवर, पाठ ताठ, तोंड एवढंस्सं. असं तोंड तो पुन्हा कधी उघडणार आहे का? भांडताना बघ. जबडा, जीभ, गाल, सगळं आपापल्या जागी येतं. भांडणात टिकले ते दात जेवणात टिकतात.”

मी अकोल्याची. लग्न होऊन सुरतेत आले आणि नोकरी शोधत त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी माझी सर्टिफिकेटं बाजूला सारून विचारलं, “भांडता येतं का?”

“गरज पडली तर येतं,” मी म्हटलं.

“गरज रोज पडते,” त्या म्हणाल्या आणि मला ॲप्रन दिला.

गरज रोज पडते हे खरंच होतं. बोरसेबाई साठी ओलांडलेल्या, अंगाने काटकुळ्या, आवाजाने मात्र कापडाच्या लूमच्या खडखडाटात उभं राहून बोलावं तशा. मूळच्या धुळ्याकडच्या. दवाखान्यात येणारे निम्मे लोक खान्देशातले, त्यांच्याशी त्या अहिराणीत बोलतात. ज्योत्स्नाबेनशी गुजरातीत, औषधं घेऊन येणाऱ्या रिप्रेझेंटेटिव्हशी हिंदीत. भांडण तिन्ही भाषांत सारखंच. पैकी अहिराणीवर त्यांचा जीव आहे आणि त्यालाही कारण धंद्याचंच सांगतात. “करतो म्हणजे करस, खातो म्हणजे खास, बघतो म्हणजे देखस! दर वाक्याला शेवटी ‘स’. शिट्टी वाजत असली तर लगेच पकडली जाते. दातांच्या डॉक्टरसाठीच देवाने ही भाषा केली.”

पांढऱ्या रंगाशी त्यांचं वैर आहे. समुद्रकाठच्या हजीऱ्याच्या कारखान्यातले एक फोरमन आले होते. मोबाइलवर कुणा नटाचा फोटो दाखवून म्हणाले, “ऐसाच सफेद चाहिए.” बाईंनी फोटो बघितला, फोरमनकडे बघितलं. “समुद्रातल्या बोटीवरून दिसायला हवेत का?” त्यांनी विचारलं. “हा फ्रीजचा रंग आहे. तुमच्या तोंडात फ्रीज बसवू?” मग त्यांनी फोरमनकडून त्यांच्या लग्नाचा फोटो मागवला आणि त्यात पुढचा एक दात जरासा तिरका दिसत होता, तो तसाच तिरका बसवून दिला. फोरमन आधी चिडले. आठवड्याने येऊन सांगून गेले की बायको हसली आणि म्हणाली, आता तुम्ही परत तुमच्यासारखे दिसता.

दुसरं वैर घाईशी. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला बारीक स्क्रू. हाड हळूहळू त्याला धरतं आणि मग त्यावर दात चढवायचा. कधीकधी हाड इतकं मजबूत असतं की त्याच दिवशी दात देता येतो. कधी नसतं. आता जिकडेतिकडे ‘सकाळी या, संध्याकाळी दात घेऊन जा’ अशा जाहिराती असतात आणि लोक त्या मोबाइलवर आणून बाईंच्या नाकासमोर धरतात. बाईंचं उत्तर ठरलेलं. “हाडाला विचारलं का?”

यमुनाबाईंच्या वेळी हाडानेच नाही म्हटलं आणि दवाखान्याने कधी पाहिलं नव्हतं असं भांडण झालं. ते मात्र ट्रायलचं नव्हतं.

यमुनाबाई शिरपूरकडच्या, सत्तरीच्या पुढच्या. मुलगा राजेंद्र पलसाण्याला कापडाच्या डाइंगच्या कारखान्यात सुपरवायझर. नातीचं लग्न ठरलं होतं. यमुनाबाईंच्या खालच्या जबड्यात दात नव्हते आणि हिरडी इतकी झिजली होती की कवळी तोंडात मासोळीसारखी पळायची. उपाय सोपा होता. खाली पुढच्या बाजूला दोन स्क्रू बसवायचे आणि कवळी त्यांच्यावर टिचबटणासारखी दाबून लावायची.

यमुनाबाई काही बोलायच्याच नाहीत. पदर तोंडाला, नजर पायांच्या अंगठ्यांकडे. त्यांच्या वतीने सगळं राजेंद्रभाऊ बोलायचे. “आईला दुखत नाही.” “आईला चालेल.” “आई तयार आहे.”

“तोंड कुणाचं आहे?” बाईंनी एकदा विचारलं. राजेंद्रभाऊ हसले. त्यांना तो विनोद वाटला.

स्क्रू बसवायच्या दिवशी मी मदतीला होते. उजवीकडचा झकास बसला. डावीकडचा मात्र पाना लावला तसा नुसता फिरत राहिला. हाड तिथे भुसभुशीत होतं. बाईंनी दोनदा पाना लावून पाहिला, मग दोन्ही स्क्रू हिरडीखाली झाकून टाके घातले. जुनी कवळी आतून कोरून, मऊ अस्तर लावून परत दिली.

“तीन-चार महिने थांबायचं,” त्या बाहेर येऊन म्हणाल्या. “आज बटणं लावली तर डावा स्क्रू हातात येईल.”

राजेंद्रभाऊंचा चेहरा उतरला, मग तापला. “अहो, पंधरवड्यावर लग्न आहे! पाहुणे येणार. तुम्ही सांगितलं होतं की जमलं तर लगेच...”

“जमलं तर. जमलं नाही.”

“दुसरीकडे एका दिवसात देतात!”

“दुसरीकडचं हाडही दुसरं असेल. हे हाड तुमच्या आईचं आहे, त्याला लग्नपत्रिका वाचता येत नाही.”

“मॅडम, जबाबदारी माझी. मी सांगतो ना, लावा!”

“नाही.”

“मग आम्ही आईला दुसरीकडे नेऊ. आणि लोकांनाही सांगू, इथे येऊ नका म्हणून.”

“जिन्यात उभे राहून सांगा,” बोरसेबाई कडाडल्या, “म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल. माझं उत्तर तेव्हाही नाहीच असेल. नाही म्हणजे नाही!”

ज्योत्स्नाबेननी त्या दिवशी विणकाम खाली ठेवलं. बाकावरच्या लोकांना काय सांगावं ते त्यांना सुचेना. राजेंद्रभाऊंनी एक्स-रेचं पाकीट उचललं, आईचा दंड धरला आणि जिना उतरले. यमुनाबाईंनी वळणावर एकदा मागे पाहिलं.

लग्न झालं असणार. आम्हाला काही कळलं नाही. बाईंनी विषय काढला नाही, पण पुढचे कित्येक दिवस जिन्यात चपलांचा आवाज झाला की त्या पेशंटच्या तोंडातून मान वर काढून दाराकडे बघायच्या.

आणि चौथ्या महिन्यात एका दुपारी यमुनाबाई आल्या. एकट्या. शेअर रिक्षातून, पत्ता विचारत विचारत. जिना चढून धापा टाकत उभ्या राहिल्या आणि पदरातून एक्स-रेचं पाकीट काढून त्यांनी बाईंच्या हातात दिलं.

“तिकडे दात नाही का लावले?” बाईंनी विचारलं.

यमुनाबाईंनी मान हलवली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, “तठे लई गया व्हता. मी तोंडच उघाडं नही.”

राजेंद्रभाऊंनी त्यांना दुसऱ्या दवाखान्यात नेलं होतं. खुर्चीत बसवलं. डॉक्टर म्हणाले आ करा, नर्स म्हणाली आ करा, मुलगा म्हणाला आई, आ कर. यमुनाबाईंनी ओठ मिटले ते मिटलेच. पंख्याकडे बघत बसून राहिल्या. शेवटी सगळे दमले आणि घरी आले. नातीच्या लग्नात त्या जुन्याच कवळीने वरणभात जेवल्या.

बोरसेबाई अशा जोराने हसल्या की तो आवाजही खाली फरसाणवाल्यापर्यंत गेला असेल. “शाब्बास माय! मला ओरडावं लागतं, तू तोंड मिटून जिंकलीस.”

हिरडी उघडली तेव्हा डावा स्क्रू हाडाने पक्का धरला होता. आरशाच्या दांडीने टिचकी मारली की खणखणीत वाजत होता. मग मापं झाली, दोन्ही जबडे एकमेकांवर कसे मिटतात ते बघून झालं. यमुनाबाई दर वेळी एकट्या यायच्या, लवकर यायच्या आणि बाकावर तासन्‌तास बसायच्या. एकदा ज्योत्स्नाबेननी घरी जायची घाई नाही का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, इथे गंमत असते.

शेवटी ट्रायलचा दिवस आला. मेणातले दात तोंडात घातले. बोरसेबाईंनी हात कमरेवर ठेवले. “हं माय. भांडा बरं माझ्याशी.”

“कोनासंगे भांडू?” यमुनाबाई गोंधळल्या. “माले येत नही.”

बाईंनी सुरुवात केली. म्हणाल्या, शिरपूरकडच्या बायकांना कळण्याची भाकरी थापता येत नाही. यमुनाबाई हसल्या. बाई म्हणाल्या, तुमच्या सुनेने तुम्हाला पार शेफारून ठेवलंय. यमुनाबाईंनी मान डोलावली, सून चांगली आहे म्हणून. बाईंनी मुलाला नावं ठेवली. यमुनाबाई म्हणाल्या, खरं आहे, घाईच करतो. मी आजवर इतकी निकामी चिथावणी पाहिली नव्हती. बाईंचा आवाज बसला, कपाळावर घाम आला. त्या सिंकपाशी जाऊन पाणी प्यायल्या.

“आकडे म्हणवून घेऊ का?” मी हळूच विचारलं.

“नाही!”

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. “आते मी बोलू का?”

आम्ही दोघी वळलो. यमुनाबाई सरळ होऊन बसल्या होत्या. पदर खांद्यावर होता.

“तू उभी ऱ्हाईसन खास,” त्या बोरसेबाईंना म्हणाल्या. “मी बाहेर बठीसन दर बार देखस. डबा उघाडस, दोन घास कोंबस, तोंड पुसस आनि परत पयस. भाकर गार, भाजी गार. माणूस शे का मशीन शे तू? लूम बी येखाद बार बंद पडस! कोनी सांगनारं नही का तुले? तुना घर कोन शे?”

मी दातांकडे बघत होते, कारण तेच माझं काम होतं. खास, देखस, कोंबस, पुसस. एकेक ‘स’ स्वच्छ पडत होता. शिट्टी नाही, मेण जागचं हललं नाही. यमुनाबाईंचा आवाज चढत चालला होता. आयुष्यभर कुठे ठेवला होता कोण जाणे.

“तू मनी पोर ऱ्हाती ते कान धरीसन बसाडती मी तुले! डॉक्टर व्हयनी म्हनीसन काय झाये? खाले बठ, पोरी! बठीसन जेव!”

बाहेर ज्योत्स्नाबेन कुणाला तरी सांगत होत्या, “बेसो, ट्रायल छे.”

मी बोरसेबाईंच्या उत्तराची वाट पाहिली. त्या नेहमी दुप्पट आवाजात परतवतात. त्यांनी हातातला पाण्याचा ग्लास सिंकवर ठेवला. त्यांच्या घरी कोण असतं, हा प्रश्न इतक्या वर्षांत दवाखान्यात कुणी त्यांना विचारला नव्हता. उधन्याच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या राहतात एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

“मॅडम,” मी म्हटलं, “‘स’ अगदी छान येतोय. दात हलले नाहीत.”

त्यांनी मला हातानेच गप्प केलं. मास्क खाली ओढला. चाकाचं स्टूल ओढून घेतलं आणि यमुनाबाईंच्या खुर्चीला लावून त्यावर टेकल्या.

“माय, परत एकदा बोला,” त्या म्हणाल्या. त्यांचा असा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते.

“काय बोलू?”

“तेच. शेवटचं.”

यमुनाबाई त्यांच्याकडे वळल्या. मग त्यांनी हात पुढे करून बाईंच्या खांद्यावर ठेवला आणि या वेळी अजिबात न ओरडता म्हणाल्या, “खाले बठ, पोरी.”

बाई बसलेल्याच होत्या. तरी हो म्हणाल्या.