वासुदेवभाऊंचं भुयार

रविवार, १२ जानेवारी. किल्ल्याच्या परकोटाच्या सफाईला हजर: मी, शेजारच्या शालूबाई, दोन निवृत्त बँकवाले आणि वासुदेवभाऊ. आमच्या हातात झाडू, भाऊंच्या हातात काठी.

ती काठी घेऊन भाऊ कुणाच्याही घरात शिरतात, फरशी ठोकतात, कान लावतात आणि जाहीर करतात, "बाई, तुमच्या घराखालून गेलं हाय." काय गेलंय, हे चंद्रपुरात विचारावं लागत नाही. गोंड राजाचं भुयार, किल्ल्यातून थेट बल्लारपूरला. भाऊ कोळशाच्या खाणीत होते. डोक्यावरचं छत पोकळ झालंय का, ते काठीनं ठोकून सांगायचे. "तवा वर ठोकत होतो, आता खाली ठोकतो. काम तेच."

बारशाला ठोकतात, तेरवीलाही ठोकतात. शालूबाईंच्या नव्या टाइल्सवर ठोकलं तेव्हा त्या म्हणाल्या, "राजाले सांगा, चपला बाहेर काढून ये." पण चहा ठेवलाच. भुयार निघालं की चहा ठेवावाच लागतो, आणि राजा कसा निसटला ते तासभर ऐकावं लागतं.

मला सगळं जागच्या जागी लागतं. सफाई आटोपल्यावर मी काडीनं मातीत आमचा मोहल्ला काढला आणि भाऊंनी भुयार दाखवलेलं एकेक घर जोडत गेले. जिलबी झाली.

"भाऊ, राजा बल्लारपूरला चालला होता की वर्गणी मागायला?"

सगळे हसले. मी जरा जास्तच.

भाऊ वाकून बघत राहिले. मला तिथंच थांबता आलं असतं. पण नकाशात एक घर सुटलं होतं, आणि सुटलेलं मला बघवत नाही. "तुमच्या घराखालून कसं नाही गेलं?"

"माह्या घराखालून काऊन जाईन, बाई? बायको गेल्यापासून दिवसभर कुलूप रायते. राजा थकूनभागून वर निघन, त्याले पानी कोन देईन?"

शालूबाई पायानं रेघा पुसायला लागल्या. भाऊ म्हणाले, "राहू द्या. बाईनं मेहनत केली हाय."

त्या रविवारपासून ते कुणाच्याच घरी ठोकायला आले नाहीत. काल त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले होते. भर दुपारी दार उघडं, भाऊ आत भिंतीला टेकून बसलेले. मी कोपऱ्यावर मेथीची जुडी घेतली आणि परत फिरले. जायचं अजून राहिलंच आहे.