दामूनानांचा न बिघडणारा संगणक

एका जंगलात, बाळांनो, एक संगणक होता. हसू नका. तुमच्या शाळेतही आहे, पण तो कुलपात आहे. जंगलातला निदान चालू तरी होता.

तो चालवायचे दामूनाना साळिंदर. काम एकच. उन्हाळ्यात जंगलात एकच पाणवठा उरायचा. तिथे कोणी कधी पाणी प्यायचं याच्या पाळ्या संगणक लावायचा आणि नाना दर सोमवारी ज्याला त्याला त्याच्या वेळेची चिठ्ठी द्यायचे. चितळं सकाळी सातला, बिबट्या संध्याकाळी सातला. चौदा उन्हाळे दोघांची गाठ पडली नव्हती.

एके दिवशी ऑपरेटिंग सिस्टीमच्या कंपनीचा राघू आला. खिडकीत बसून त्याने पाठ केलेलं म्हणून दाखवलं. "तुमची सिस्टीम जुनी झाली. आजपासून आमची मदत बंद. यापुढे तिच्यात भोकं सापडली तर आम्ही बुजवणार नाही. नवी घ्या."

"अरे, पण चांगली चालतेय की!" नाना म्हणाले.

"चालेलच. चोर आत शिरला तरी चालतच राहील," राघू म्हणाला आणि उडून गेला.

नाना घाबरले. चोराला नव्हे, नव्या सिस्टीमला. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. नवी सिस्टीम म्हणजे प्रशिक्षण. प्रशिक्षण म्हणजे परवा नोकरीला लागलेल्या खारीला "बाई, हे कुठं दाबायचं?" असं विचारायचं. त्यापेक्षा अंगावरचे काटे उपटून दिलेले परवडले.

त्यांनी वनराजांकडे अर्ज केला. वनराजांनी शेरा मारला, 'तूर्त आहे तसेच चालू द्यावे.' या जंगलात हत्ती मरतात, कासवं मरतात, 'तूर्त' मात्र कधी मरत नाही.

आता पडद्याच्या कोपऱ्यात रोज सकाळी 'धोका' अशी लाल पाटी यायला लागली. नानांनी त्या कोपऱ्यावर पळसाचं पान चिकटवलं. धोका दिसेनासा झाला. खंडेनवमीला त्यांनी संगणकाला झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं, पेढ्याचा नैवेद्यही दाखवला. यापेक्षा जास्त देखभाल कोणती कंपनी करते?

उन्हाळा लागला. गोदू चितळीण चिठ्ठी न्यायला आली. तिचं पाडस यंदा पहिल्यांदाच पाणवठ्यावर जाणार होतं.

"नाना, मशीन जुनं झालंय म्हणतात. वेळ बरोबर असेल ना हो?"

"गोदे, तुझ्या आईच्या चिठ्ठ्यासुद्धा यानंच काढल्या. एकदा तरी बंद पडलंय का?"

"नाही, तसं नाही."

"मग झालं तर!"

गोदू चिठ्ठी घेऊन गेली.

त्याच आठवड्यात संगणकावर एक पत्र आलं. 'अभिनंदन! आपल्याला टोपलीभर रताळी बक्षीस. येथे दाबा.' नानांनी दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग "लबाड लेकाचे!" म्हणून ते चहाला गेले.

पत्र कोल्ह्याचं होतं. नाना चहाला गेले आणि कोल्हा संगणकात शिरला. बिबट्याच्या शिकारीतलं उरलंसुरलं खाऊन जगणारा तो; या पाळ्यांमुळे चौदा उन्हाळे त्याची उपासमार झाली होती. त्याने यादीत एकच फरक केला.

सोमवारी नानांनी चिठ्ठ्या छापल्या. चितळं, सकाळी सात. बिबट्या, सकाळी सात.

नानांनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून पाहिल्या. चूक आहे म्हणावं, तर वर कळवावं लागणार. कळवलं, तर नवी सिस्टीम येणार. ती आली, की खार येणार. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. आकडा तोच.

"चौदा वर्षांत चुकलं नाही, ते आज कसं चुकेल?" असं स्वतःशी म्हणत त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या देऊन टाकल्या.

पुढचं मी लांबवत नाही, बाळांनो. मलाच ते बोलवत नाही. मंगळवारी सकाळी गोदू पाणवठ्यावरून परत आली. पाडस आलं नाही.

चौकशी झाली. समितीचे अध्यक्ष बिबटेसाहेब, कारण घटनेच्या वेळी ते जातीने हजर होते. अहवाल चार ओळींचा होता. संगणक एक क्षणही बंद पडला नाही. चिठ्ठ्या वेळेवर मिळाल्या. दोन्ही पक्ष ठरल्या वेळी पोहोचले. सबब यंत्रणा उत्तम आहे.

वनराजांनी नानांना शाल आणि नारळ दिला, वर पाच वर्षांची मुदतवाढ. टाळ्या पडल्या. कोल्ह्याच्या सगळ्यात जोरात पडल्या.

नाना शाल पांघरून बाहेर आले, तर गोदू उभी होती.

"नाना, चिठ्ठ्या देण्याआधी तुम्ही वाचल्या होत्या का?"

"माझं काम छापायचं, गोदे," नाना म्हणाले. उन्हाळा होता, तरी त्यांनी शाल घट्ट ओढून घेतली.

तात्पर्य : जुना संगणक कधीही बदलू नये. नव्यावर काही चुकलं तर कारकुनाला जाब विचारतात, जुन्यावर चुकलं तर शाल मिळते. हे तात्पर्य कारकुनांसाठी आहे. चितळांसाठी वेगळं काढायचं की नाही, यावर बिबटेसाहेबांची समिती विचार करते आहे.