आजगावकरकाकांची पाणसळ

आजगावकरकाका कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी खिशातून पाणसळ काढतात आणि सोफ्यावर ठेवतात. पाणसळ म्हणजे गवंडी वापरतात तीच, काचेच्या नळीत हिरवं पाणी आणि त्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला तर काका बसतात. नाही आला तर उभ्यानेच चहा घेतात आणि जाताना सांगतात, "सेक्रेटरीनू, तुमची लादी डावीकडे उतरता हां. डोळो फसता, बुडबुडो फसणा नाय."

सेक्रेटरी म्हणजे मी. मुलुंडच्या आमच्या सोसायटीचा गेली सहा वर्षं मी सेक्रेटरी आहे, कारण दरवर्षी निवडणुकीची वेळ आली की मी सोडून सगळे मोबाइलमध्ये डोकं घालतात. पंप, टाकी, कबुतरं, वरच्याची गळती आणि खालच्याची तक्रार, यातच माझा जीव मेटाकुटीला आलेला. त्यात काकांची गाडी.

ही गाडी म्हणजे जुनी रुग्णवाहिका. भांडुपच्या एका कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढलेल्या काकांनी ती मोडीत घेतली, आत पलंग ठोकला, शेगडी बसवली, फुलाफुलांचे पडदे लावले आणि तिला कॅम्परव्हॅन म्हणू लागले. बाहेरून पांढरा रंग दिला, पण वर्षभरात त्याच्याखालून जुना लाल पट्टा पुन्हा वर आला. ती सुरू झाली की खिडक्या उघडतात आणि कुणीतरी हमखास मला फोन करतं, "कोण अॅडमिट झालं हो?" तळमजल्यावरच्या आजी तर एकदा चपला घालून, डोळ्याला पदर लावून तयारीनेच बाहेर आल्या होत्या.

तीन वर्षांपूर्वी काकूंना पॅरालिसिसचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. आमच्याकडे लिफ्ट नाही. तेव्हापासून काकू तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेल्या नाहीत. त्यांना आंघोळ घालणं, भरवणं, वेणी घालणं, सगळं काका करतात. झटक्यानंतर काही महिन्यांतच त्यांनी ही गाडी आणली. काकूंना एकदा कोकणात समुद्राकाठी नेऊन चार दिवस ठेवायचं, एवढं एकच त्यांच्या मनात होतं.

पण जागा कुठे मिळते? महिन्यातून एकदा काकूंची बहीण घाटकोपरहून शनिवार-रविवार राहायला येई आणि काका गाडी काढून जागा बघायला जात. कुठे शाळेचं पटांगण, कुठे देवळामागचं आवार, कुठे कुणाची नारळाची वाडी. वेंगुर्ल्याचा माणूस, पण वेंगुर्ल्याला कधी गेला नाही. काकूंना तेवढाच प्रवास झेपेल, म्हणून पाच तासांपलीकडची जागा त्यांच्या वहीत येतच नसे. येताना मोबाइलवर फोटो आणायचे, वहीत सगळं लिहायचं आणि वही काकूंपुढे ठेवायची. काकू डाव्या हाताने, लाल पेनाने, वाकड्या अक्षरात शेरा मारायच्या. 'वारा फार असणार.' 'शेजारी कोंबड्या दिसतात, पहाटेची झोप जाईल.' 'विहिरीला कठडा नाही.' जणू काकू पोहरा घेऊन स्वतः विहिरीवर जाणार होत्या. अशा एकतीस जागा नापास झाल्या. मला वाटायचं, आजाराने बाई चिडचिडी झाली असेल बिचारी.

यंदा पार्किंगची सोडत काढली आणि काकांची चिठ्ठी निघाली नाही. महिनाअखेरीपर्यंत गाडी आवाराबाहेर, असा ठराव झाला. नोटीस घेऊन अर्थातच मला वर जावं लागलं. काकांनी ती दोनदा वाचली.

"म्हणजे एकच फेरी मिळतली," ते म्हणाले. "तुमी चला माझ्यावांगडा. दोघांक जागा लवकर गावतली."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणता आलं असतं तर मी सहा वर्षं सेक्रेटरी राहिलो असतो का?

पेणपर्यंत माझी कंबर गेली आणि मी मागच्या पलंगावर आडवा झालो. गाडी चाळिशीच्या वर जाईना, पण लोक बाजूला होऊन वाट देत होते. माणगावजवळ चहाला थांबलो तेव्हा टपरीवाल्याने काचेतून मला पाहिलं आणि काकांना हळूच विचारलं, "फार दिवस झाले का हो आजारी आहेत?"

"सेक्रेटरी आसत," काका म्हणाले. "सहा वर्षां झाली."

त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत.

श्रीवर्धनच्या पुढे पहिली जागा कड्यावर होती. खाली अख्खा समुद्र. मी म्हटलं, हीच. काकांनी जमिनीवर फळी टाकली, पाणसळ ठेवली आणि बुडबुडा एका टोकाला पळाला. "हयसर ती लवंडतली," म्हणून त्यांनी फळी उचलली. दुसरी जागा सुरूच्या बनात. तिथे एका हॉटेलवाल्याचा कमोड होता. काका गाडीपासून कमोडपर्यंत चालत गेले, पण आपल्या चालीने नाही. अर्धं अर्धं पाऊल टाकत, उजवा पाय ओढत, काकू त्यांना धरून घरात चालतात तसे. बासष्ट पावलं भरली. मी म्हटलं, "काका, बासष्ट काय वाईट?" ते सरळ गाडीत जाऊन बसले.

तिसरी जागा एका कोळ्याचं अंगण होतं. बाजूला जाळी वाळत घातलेली, सुकटीचा वास नाकात बसलेला. घरधनिणीने सासूसाठी कमोड बसवून घेतला होता. एकोणीस पावलं. बुडबुडा मधोमध. मग काका गाडीत शिरून पलंगावर डाव्या कुशीला झोपले, कारण काकूंना तेवढ्या एकाच कुशीवर झोपता येतं. बाहेर येईनात, म्हणून मी आत डोकावलो.

"दिसता," ते म्हणाले. "उशी न हलवता समुद्र दिसता."

मग तोंड भिंतीकडे करून डोळे पुसले. मला काय करावं कळेना, म्हणून मी उगाच जाळी बघत उभा राहिलो.

सोमवारी संध्याकाळी काका औषधं आणायला खाली गेलेले पाहून मी वर गेलो. ही जागा तरी पास करा, असं काकूंना विनवायला. वही त्यांच्या मांडीवरच होती.

"बसा," त्या म्हणाल्या. त्या सावकाश बोलतात, प्रत्येक शब्द उचलून ठेवावा लागतो त्यांना. "ह्यांना सांगू नका हं. मला समुद्राचं काही नाही हो. मी घाटकोपरची. पण हे भजन सोडून बसले, कॅरम सोडला. दिवसभर माझ्याकडे बघत बसतात. जागा बघायला जातात तेवढेच दोन दिवस बाहेर. परत येतात तेव्हा तोंडावर रंग असतो. बडबड करतात. मी एकदा हो म्हटलं, की जाणं संपलं ना."

मला माझीच लाज वाटली. एकतीस वेळा ह्या बाईने समुद्र नाकारला होता आणि मी तिला चिडचिडी ठरवून मोकळा झालो होतो.

"आता गाडीच जाणार, तर हो म्हणायला हवं," काकू म्हणाल्या. "नाहीतर त्यांना जन्मभर लागून राहील." त्यांनी लाल पेन घेतलं आणि लिहिलं, 'चालेल.' मग पेन माझ्यापुढे धरलं. "त्यांच्या रविवारचं पुढे काहीतरी बघा. सेक्रेटरी आहात ना?"

शुक्रवारी आम्ही चौघांनी काकूंना खुर्चीत बसवून तीन मजले खाली आणलं. काका पुढे उलटे चालत, खुर्चीच्या हातावर पाणसळ धरून सांगत होते, "मागसून जरा वर. हां, आता बरोबर." गाडी सुरू झाली, खिडक्या उघडल्या, पण त्या दिवशी मला कुणाचाच फोन आला नाही.

चार दिवसांनी दोघं परतली. काकू म्हणाल्या, वास फार होता, पण झोप छान लागली. महिनाअखेरीला काकांनी पडदे काढून घेतले आणि गाडी पुन्हा मोडीत गेली.

पुढच्या रविवारी काका आमच्याकडे आले आणि थेट सोफ्यावर बसले. पाणसळ काढलीच नाही. आजवर असं कधी झालं नव्हतं आणि मला ते अजिबात बघवेना.

"काका," मी म्हटलं, "गच्चीवर पाणी साचतं हो. उतार कुठे चुकलाय, कळत नाही."

त्यांनी वर पाहिलं. हात खिशात गेला.

आता महिन्यातून एका रविवारी काकूंची बहीण येते आणि काका सकाळपासून गच्चीवर असतात. खडूच्या रेघा मारतात, मुलांना ओरडतात, कुणी वर आलं तर त्याला तासभर उतार समजावतात. दुपारी तिसऱ्या मजल्यावर जाऊन काकूंना सगळं सांगतात. मग वही माझ्याकडे येते. मी लाल पेनाने शेरा मारतो, 'पूर्वेचा कोपरा पुन्हा बघावा.'

आमच्या गच्चीवर पाणी कधीच साचत नव्हतं.