तुफान तांडेलाचा सतरावा अंक

शुक्रवारी सकाळी मांडवीला हरिश्चंद्र शिवलकरांकडे स्थळ बघायला माणूस यायचा होता, आणि घरात लग्नाचं कुणीच नव्हतं. दोन्ही मुली केव्हाच उजवल्या होत्या. तरीही दारापुढचं खळं सारवलं होतं, ओटीवर सतरंजी पडली होती, कान शाबूत असलेले कप बाहेर निघाले होते, आणि खुद्द हरिश्चंद्र इस्त्रीचा सदरा घालून इतक्या येरझारा घालत होते, की पाहुणा यायच्या आतच इस्त्रीने राम म्हटला.

"अवो, बसा की जरा," त्यांची बायको मालन पोहे परतत म्हणाली. "पुस्तकंच बगायला येतोय ना तो? का तुमाला?"

"पुस्तकं बगून माणूस कळतो गो!"

साल त्र्याऐंशीचं, महिना मे. हरिश्चंद्र एका बागायतदाराच्या शेडवर आंबा निवडायचे. नाक असं की बंद पेटीसमोरून नुसते चालत गेले तरी सांगायचे, "तिसऱ्या थरात डावीकडून चौथा आंबा उद्या दुपारी बिघडेल." आणि तो बिघडायचा. एकदा तर म्हणे दुपार टळून गेली, तेव्हा आंब्यालाच लाज वाटून तो संध्याकाळी बिघडला.

हेच नाक त्यांनी कॉमिकला लावलं होतं. वीसेक वर्षांपूर्वी 'तुफान तांडेल' नावाचं चित्रकथांचं मासिक निघायचं. साठ अंक निघाले आणि बंद पडलं. त्यातले एकोणसाठ हरिश्चंद्रांकडे होते, आणि त्यांची प्रतवारी त्यांनी शेडच्याच भाषेत केली होती. कोरा करकरीत अंक तो एक नंबर. कोपरा दुमडलेला तो दोन नंबर. शाईचा किंवा चहाचा टिपका पडलेला तो डागी. बाहेरून चांगला पण आतलं पान गायब, त्याला ते, वरून चांगल्या पण आत गर नासलेल्या आंब्यासारखं, म्हणायचे, "साका धरलाय." आणि अगदीच लोळागोळा झालेला तो कॅनिंगचा, म्हणजे रस काढायला कारखान्यात धाडायचा माल. कॅनिंगचा अंक ते घरात येऊ देत नसत. एकोणसाठच्या एकोणसाठ एक नंबर.

नव्हता तो फक्त सतरावा. आणि दुखणं तिथेच होतं. सोळाव्याच्या शेवटच्या चित्रात तांडेल आपल्या गलबतावर सुखरूप बसून भाकरी नि बांगडा खातोय. अठराव्याच्या पहिल्याच चित्रात तो डोलकाठीला उलटा टांगलेला, अंगात नवरीचा शालू, कपाळाला मुंडावळ्या, आणि ओरडतोय, "माझीच चूक झाली!" काय चूक झाली? गेली वीस वर्षं आंबा निवडता निवडता हरिश्चंद्र मधेच हात थांबवून समुद्राकडे बघत बसायचे, ते याचसाठी.

दादरच्या नेवरेकर नावाच्या संग्राहकाकडे सतराव्याच्या दोन प्रती होत्या. दोन वर्षं पत्रं लिहून झाल्यावर नेवरेकरांचं कार्ड आलं होतं: "एक प्रत देईन. पण मी अंक म्हणजे पोटची मुलगी समजतो. घर बघितल्याशिवाय देत नाही."

म्हणून ही तयारी. त्यात जुन्या ट्रंकेला वाळवी लागलेली. हरिश्चंद्रांनी शेडवरून एक नवी कोरी आंब्याची पेटी आणली, तळाला सुकं गवत घातलं, एकोणसाठ अंक थरावर थर रचले, वर पुन्हा गवत, आणि फळ्या ठोकल्या. मग हाताची सवय ती सवय, ब्रश घेऊन वर झोकात लिहिलं, "१ नं." पेटी ओटीवर ठेवली. शेजारी दुसरी पेटी होती, परसातल्या कलमाच्या हापूसची. ती दरसाल मुंबईच्या दलालाकडे जायची. तिच्यावरही त्यांनीच लिहिलं होतं, "१ नं."

नेवरेकर रात्रीच्या एसटीने सकाळी येऊन पोचले. अंगाने वाळकी काडी, डोळ्यांवर जाड चष्मा, पिशवीत भिंग, चिमटा आणि पांढरे हातमोजे. पोहे समोर आले तशी त्यांनी बशी बोटाने लांब सारली.

"आधी अंक. तेलाचा हात चालत नाही."

"तर वो! आमच्यात पण नाय चालत," हरिश्चंद्र कृतकृत्य होऊन म्हणाले.

नेवरेकरांनी हातमोजे चढवले. हरिश्चंद्रांनी ओटीवरच्या पेटीची फळी उचकटली, गवत बाजूला केलं. आत हापूस.

"छान," नेवरेकर भिंग लावून म्हणाले. "दमट हवेवर उपाय दिसतो. अंक खाली का?"

हरिश्चंद्रांनी पहिला थर काढला. खाली हापूस. दुसरा काढला. हापूस. तळाशी हात घातला तेव्हा हाताला लागला तोही हापूस, आणि तोही एक नंबर.

"मालन!" ते तळाशी हात तसाच ठेवून ओरडले. "दुसरी पेटी कुठं हाय?"

"काल दुपारी दिली की. केरू ट्रक घेऊन आलावता, हॉर्न मारून मारून गाव उठवलान. तुमी घोरत पडलेले. मी म्हटलं, दलालाची पेटी हीच. एक नंबरची."

"दोनी पेट्यांवर एक नंबर होतं!"

"मग ते काय मी लिवलं?"

हरिश्चंद्र ओटीच्या पायरीवर बसले. नेवरेकर उभेच, हातमोज्यातल्या पांढऱ्या हातात एक आंबा, आणि चेहरा असा की जणू मांडवातून नवरदेव पळालाय.

"एकोणसाठ अंक," ते हळूच म्हणाले, "ट्रकमध्ये?"

दोघं शेडवर धावले. तिथे फोन होता. लायटनिंग कॉल लावला तरी विजेला रत्नागिरीहून मुंबईला पोचायला पाऊण तास लागला. दलालाच्या गाळ्यावर फोन उचलला तो लवू नावाच्या हमालाने.

"हॅलो! मी मांडवीचा शिवलकर! माजी पेटी आली का?"

"आली वो! शेठनं नमुना म्हणून तीच फोडली! आत पुस्तकं!"

"कुठं हायत ती?"

"वाचतोत की!"

"कोण वाचतोय?"

"समदी! गिऱ्हाईक खोळंबलंय, पन कोण उठतोय? आमी तीस हमाल, दोन-दोन वाटून घेतली. एकाला एकच आलं, तो रुसलाय!"

नेवरेकरांनी झडप घालून फोन हिसकावला. "हात धुतलेत का तुम्ही?"

"आता आंब्याच्या बाजारात हात कशाला धुवायचे, सायेब?"

नेवरेकरांनी रिसीव्हर छातीशी धरला आणि डोळे मिटले. इतक्यात लाइनीवर एक्स्चेंजच्या यमुनाबाईंचा आवाज आला. "हरीभाऊ, तीन मिनटं झाली. पन बोला तुमी, मी नाय तोडत. तो तांडेल म्हंजे लुगडं नेसलेला तोच ना?"

"यमुनाबाय, तुमचे उपकार होतील," हरिश्चंद्र गहिवरून म्हणाले, आणि फोनवर ओरडले, "लवू, सगळी गोळा कर नि केरूच्याच ट्रकनं परत धाड! देव तुजं भलं करील!"

"धाडतो! पन अठरावा माज्याकडं हाय, तेवढा होऊ दे!"

ट्रक परतायचा रविवारी. नेवरेकर त्याच दिवशी निघून गेले असते, पण म्हणाले, "थांबतो. ओळख पटवायला कुणीतरी हवं." म्हणजे आता ते स्थळ बघायला नव्हे, सुतकाला थांबले. हरिश्चंद्रांनी सतराव्याच्या आशेचं मनातल्या मनात विसर्जन केलं.

एक पेटी हापूस मात्र फोडलेली होती आणि पिकायला लागली होती. शुक्रवारी नेवरेकरांनी एक फोड काट्याने खाल्ली. शनिवारी हातमोजे घालून एक आंबा चोखला. शनिवारी संध्याकाळी हातमोजे मालनने धुवायला टाकले आणि नेवरेकर कोपरापर्यंत रस ओघळत खळ्यात बसले होते. "वहिनी," ते म्हणाले, "मी एकटा राहतो. असं कुणी वाढलं नव्हतं हो बऱ्याच वर्षांत." मालनने त्यांच्यापुढे आणखी दोन ठेवले.

रविवारी दुपारी पेटी आली. केरूने ती ओटीवर अशी जपून ठेवली, जणू आत अंडी असावीत.

फळ्या निघाल्या. नेवरेकरांनी पहिला अंक उचलला. पानापानावर पिवळाधमक अंगठा. दुसऱ्यात बिडीचं भोक, तेही खलनायकाच्या बरोब्बर डोळ्यात. तिसऱ्यात तांडेलाने मगरीला लोळवलं होतं तिथे कुणीतरी पेन्सिलने लिहिलं होतं, "शाबास रे पठ्ठ्या!" सगळ्याला हापूसचा असा वास, की शेजारच्या मधमाश्या चौकशीला आल्या.

"अंक पहिला," नेवरेकर म्हणाले. "तुमच्या भाषेत सांगू?"

"सांगा."

"कॅनिंग."

दुसरा कॅनिंग. तिसरा कॅनिंग. हरिश्चंद्र खाली मान घालून ऐकत होते आणि एकेक अंक मांडीवर घेत होते. मोजता मोजता नेवरेकर थबकले. "साठ?"

साठावा अंक वर्तमानपत्राच्या कव्हरात होता, दाभणाने सुतळी घालून शिवलेला. वर जाड अक्षरात आकडा होता, १७. आत चिठ्ठी.

हरिश्चंद्रांनी ती मोठ्याने वाचली. "रा. रा. हरीभाऊ यांस लवू गोताडचा नमस्कार. हा अंक मी गावाला वाचला नि दुसऱ्या दिवशी बाबानं मला मुंबईला धाडलं. तांडेल उलटा टांगलेला ठेवून मी आलो, अंक तेवढा संगं आणला. बावीस वर्सं बोजे उचलतो, पन तो सुटला का नाय, हे विचारू कुणाला? लोक हसतील. शुक्रवारी कळलं, सुटला. लई बरं वाटलं. माजा एक अंक तुमच्या पेटीत मिळाला म्हना. हा अंक तुमाला ठेवा. पुस्तकांना आमचे हात लागले त्याची माफी असावी."

चिठ्ठी त्यांनी जपून सदऱ्याच्या खिशात ठेवली. मग हरिश्चंद्रांनी अंक उघडला आणि वीस वर्षांची तहान लागल्यासारखं भडाभडा वाचायला लागले. तांडेल नवरीचा वेष घेऊन चाच्यांच्या सरदाराशी लग्नाला उभा राहतो. सगळं ठीक. अक्षता पडतात. घास भरवतात. नवरीला म्हणतात, उखाणा घे. तांडेल लाजतो, मुरकतो, आणि...

"आणि?" नेवरेकर पुढे सरकले.

"आणि सवयीनं स्वतःचंच नाव घेतो!"

नेवरेकर असे हसले, असे हसले, की माडावरचा कावळा उडाला आणि चष्मा गवतात पडला. डोळे पुसत म्हणाले, "काय गाढव माणूस! मग? पुढे काय?"

मालन दारात उभी होती. "अवो भावजी, तुमच्याकडं तर ह्या अंकाच्या दोन प्रती हायत ना? मग तुमाला ठावं नाय?"

नेवरेकरांनी गवतातला चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी पिशवीतून सतराव्याची आपली प्रत काढली. करकरीत, एक नंबरची. हरिश्चंद्रांनी नजर टाकली आणि त्यांच्या लक्षात आलं, की पानांच्या कडा छापखान्यातून आल्या तशाच जोडलेल्या होत्या. कधी कुणी फाडल्याच नव्हत्या.

"अंक उघडला की कणा ढिला होतो," नेवरेकर पुटपुटले. "साठच्या साठ आहेत माझ्याकडे. मी... एकही वाचलेला नाही."

हरिश्चंद्रांनी पिवळ्या अंगठ्यांचा, आंब्याच्या वासाचा अठरावा अंक उचलला आणि नेवरेकरांच्या मांडीवर ठेवला. "घ्या. बिनघोर वाचा. याला आता काय पण होत नाय."

नेवरेकर वाचत बसले. रविवारची एसटी गेली. सोमवारच्या दोन गेल्या. जेवणाला हाक मारली की म्हणायचे, "एक मिनिट वहिनी, मगर आली आहे." हरिश्चंद्र शेडवरून आले की दोघं चढाओढीने पुढचा अंक उचलायचे, आणि रात्री पडताना हरिश्चंद्र न चुकता देवाला हात जोडायचे. पहिला नमस्कार देवाला, दुसरा लवूला, तिसरा यमुनाबाईंना. चौथा नमस्कार कुशीवर वळून.

"माला कशाला?" मालन म्हणायची.

"पेटी चुकलीस म्हणून."

मंगळवारी केरूचा ट्रक पुन्हा भरून दारात उभा राहिला. नेवरेकर पिशवी घेऊन निघाले, आणि चढायच्या आधी त्यांनी ती करकरीत प्रत केरूच्या हातात दिली.

"ही लवू गोताडला दे. त्याने स्वतःची देऊन टाकली. सांग, नेवरेकरांनी धाडलीय."

"हात लावला तर चालंल ना, सायेब?" केरूने ती दोन बोटांत धरली.

"लाव," नेवरेकर म्हणाले. म्हणताना अंगावर काटा आला त्यांच्या, पण म्हणाले.

दहा मिनिटं झाली तरी ट्रक हलेना. हापूसच्या ऐंशी पेट्या उन्हात तापत होत्या, वास पार बंदरापर्यंत गेला होता. हरिश्चंद्र घाईघाईने पुढे जाऊन बघतात, तर इंजिन बंद. केरू चाकूने पानाची कड कापत होता, आणि शेजारी बसलेले नेवरेकर त्याच्या खांद्यावरून आत वाकले होते.

"अरे निघा की! माल पिकला सगळा!" हरिश्चंद्र ओरडले.

"थांबा वो!" केरू मान वर न करता म्हणाला. "अक्षता पडल्यात."

"हळू काप," नेवरेकर त्याला म्हणत होते, "आणि आता नीट बघ हं, आता ती उखाणा घेणार आहे!"