मुकादमचाचांचा कोपरा

मुकादमचाचांकडे चहाला गेलं की ते बसू देत नाहीत. कोपऱ्यात उभं करतात.

शारजामध्ये, अल मजाजला, ते आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये एकटे राहतात. मूळचे रत्नागिरीचे; सारा जन्म जहाजांना सामान पुरवण्यात गेला. अमेरिकेच्या आयोवा राज्यात म्हणे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायला लोक शाळेच्या हॉलमध्ये जमतात आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभे राहतात. कोपऱ्यात पंधरा टक्के माणसं नसली की तो कोपरा बाद. मग त्यातल्या माणसांना बाकीच्यांनी आपल्याकडे ओढायचं. चाचांची मुलगी नसीम तिकडे एका उमेदवाराचा प्रचार करत होती. म्हणून चाचा इकडे आमची तालीम घ्यायचे.

"हबीबी, तू फ्रिजपाशी. बेटी, तू खिडकीत. यल्ला, आता एकमेकांना पटवा!"

नसीमच्या उमेदवाराचा कोपरा अर्थातच समोशांच्या टेबलाजवळ. तरी माझी बायको हट्टाने खिडकीतच उभी राहायची आणि तिला पटवता पटवता चाचांना घाम फुटायचा. लिफ्टच्या तक्रारअर्जावर दोनच सह्या दिसल्या, तरी ते ओरडायचे, "पंधरा टक्के नाहीत. खलास!"

"चाचा, तुम्हाला ना इथे मत, ना तिथे. कशाला जीव टांगणीला लावता?" मी एकदा विचारलं.

"अरे, आधी नसीमचा फोन म्हणजे 'ऑल गुड, अब्बा?' 'ऑल गुड.' बस! आता अर्धा अर्धा तास भांडते माझ्याशी."

निवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निकालच अडकला. चाचा आमच्या दारात, मग लिफ्टमध्ये, मग खाली, पुन्हा वर. "आला का? तुझ्या मोबाईलवर तरी बघ ना!" शेवटी आला तेव्हा नसीमचा उमेदवार पार मागे पडला होता. पुढे त्याने माघारच घेतली.

आम्ही दोघं भेटायला गेलो, तर चाचा फोनकडे बघत येरझाऱ्या घालत होते. "आता ती कशाला फोन करेल? विषयच संपला." मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. चाचांनी घाईघाईने सुरुवात केली, "बेटा, पुढच्या राज्यात दुसरा कोणी..."

"लीव्ह इट, अब्बा," स्पीकरवर नसीमचा आवाज आला. "अम्मी सांदण कशी करायची? आठवतं तुम्हाला?"

चाचांना त्यातलं ओ की ठो ठाऊक नव्हतं.

"आठवतं म्हणजे? सगळं आठवतं! लिहून घे," म्हणत ते स्वयंपाकघरात शिरले आणि माझ्या बायकोला हातवारे करून बोलावू लागले.