दारापासून दुसरा रांजण

मी त्या हेंकला फक्त एक प्याला वाइन पाजायची ठरवली होती. एकच! (लामाराला, म्हणजे माझ्या बायकोला, हे आजही पटत नाही. तिला माझं काहीच पटत नाही, ते सोडा.)

हा हेंक हॉलंडचा शाळामास्तर. दोन वर्षं पुस्तकातून आमची जॉर्जियन भाषा शिकून आमच्या काखेती प्रांतात जुने अवशेष आणि जुनी वाइन बघायला आलेला. बोलायचा असा, की राजदरबारात उभा आहे. आमच्या गावावरच्या टेकडीवर पडका मठ आहे, त्याच्या तिकिटांच्या खिडकीत मी एकोणीस वर्षं बसतोय. गुरुवारी सकाळी मी त्याला सगळा मठ फिरवला. संन्यासी ज्यात द्राक्षं तुडवायचे ती दगडी कुंडी दाखवली. पडलेल्या भिंतीखाली तोंड वासून बसलेले रांजण दाखवले. घसा सुकेपर्यंत बोललो. आणि हा माणूस शेवटी काय म्हणाला?

"महोदय शाक्रो, हे सर्व अतिशय सुंदर आहे. परंतु या प्रदेशाचा खरा वारसा मला श्रीयुत जुंबेर यांच्या वाइनमध्ये आढळला."

जुंबेर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जुंबेर माझा शेजारी. आमच्यामध्ये एक कुंपण आणि अकरा वर्षांचं वैर. माझे बाबा गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला आम्ही त्याला तमादा केलं होतं. तमादा म्हणजे पंगतीचा म्होरक्या. तो ज्याच्या नावाने बोलेल त्याच्या नावाने सगळ्यांनी प्यायचं. तर या शहाण्याने पहिला प्याला कोणाच्या नावाने उचलावा? बाबांच्या खेचराच्या! म्हणे आधी सोबती, मग धनी, असं त्याला भाषण चढत न्यायचं होतं. चढत न्यायचं होतं! बाबांपर्यंत पोचेस्तोवर अर्धी पंगत टेबलाखाली होती. त्या दिवसापासून मी त्याचं तोंड बघत नाही. (बघावं लागतं, कारण त्याचं अंगण माझ्या खिडकीसमोर आहे. पण रागाने बघतो.)

आणि माझी एकुलती एक मुलगी खातुना कोणाच्या प्रेमात पडावी? ती राहते तिबिलिसीत, तिथे हजारो मुलं आहेत. डॉक्टर आहेत, दाताचे डॉक्टर आहेत. ती पडली जुंबेरच्या पोराच्या, मालखाझच्या! दोन वर्षं घरात रडारड चालली होती. शेवटी मी जेवणाच्या टेबलावर मूठ आपटून सांगितलं, "खातुनाचा रांजण मी माझ्या हाताने उघडेन त्या दिवशी हे लग्न. आणि तो मी उघडणार नाही!"

आमच्यात मूल जन्मलं की त्या वर्षीच्या वाइनचा एक रांजण त्याच्या नावाने जमिनीत बंद करतात आणि तो लग्नालाच उघडतात. बापाने झाकण उचललं की संपलं, होकार झाला. मग पाद्रीही विचारत नाही. त्यामुळे माझ्या हातात हुकमाचं पान होतं. दोन वर्षं मी ते छातीशी धरून बसलो होतो.

तर सांगत होतो हेंकचं. मी म्हटलं, "चला माझ्या घरी! गेल्या वर्षीचा रांजण अजून उघडलेला नाही. एक प्याला घ्या, आणि मग सांगा वारसा कुठे आढळतो ते!"

"परंतु श्रीयुत जुंबेर दुपारच्या भोजनासाठी माझी प्रतीक्षा..."

"करू दे प्रतीक्षा!"

आमच्या वाइनच्या खोलीत सहा रांजण एका ओळीत गळ्यापर्यंत पुरलेले. वर माती, सगळ्यांचं रूप एकच. पण त्यात काय ओळखायचं? गेल्या वर्षीचा दारापासून दुसरा, खातुनाचा पाचवा. मी खोलीत शिरलो, दारापासून दुसऱ्यापाशी गेलो आणि कुदळ घातली. माती दगडासारखी घट्ट. मला बरंच वाटलं, रागाला काम मिळालं.

हेंक वाकून बघत होता. "महोदय, ही माती फार जुनी भासते."

"जुनी? अहो, इथे सगळंच जुनं आहे! मीसुद्धा!"

"झाकणाभोवतीची चिकणमातीही बऱ्याच वर्षांची..."

"हेंक, रांजण कोणाचा आहे? तुमचा की माझा?"

तो एक पाऊल मागे सरला. (मास्तर असून ऐकतो, हा त्याच्यातला चांगला गुण.) मी झाकणाखाली पहार घातली आणि एका दमात उचललं.

वास आला. आक्रोड, मध, जर्दाळू. एका वर्षात असा वास येत नाही. मी वर पाहिलं, दार पाहिलं, आणि मला आठवलं की हे दार नवीन आहे. ईस्टरच्या आधी लामाराने हट्टच धरला होता, पाहुणे माझ्या स्वयंपाकघरातून चिखलाचे बूट घालून जातात, रस्त्याच्या बाजूने दार काढ. मीच काढलं होतं ते, समोरच्या भिंतीत. जुन्या दाराशी आता सरपण रचलंय. म्हणजे दारापासून दुसरा मी बरोबर मोजला होता, फक्त उलटीकडून!

देवा रे! असा राग मला जन्मात आला नव्हता. दारावर, लामारावर, मठावर, अख्ख्या हॉलंडवर. झाकण परत ठेवायला मी वाकलो, तेवढ्यात मागून आवाज आला, "हेंक, अरे जेवण थंड..."

जुंबेर! पाहुण्याला शोधत आला होता. तो दारातच थबकला. नाक वर करून त्याने एकदा हुंगलं, रांजणाकडे पाहिलं, माझ्या हातातलं झाकण पाहिलं. आणि हळूच डोक्यावरची टोपी काढली.

"शाक्रो," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. "व्याही!"

"कोण व्याही? कोणाचा व्याही?"

पण त्याने मला मिठीच मारली. झाकण आमच्या दोघांच्या पोटांमध्ये अडकलं. "मला माहीत होतं! गावाला म्हणायचो मी, शाक्रो वरून काटेरी, पण आत..."

"आत कुठे? जुंबेर, सोड! मी हे..."

मी हे काय? खरं सांगायचं तर सांगावं लागणार की मी चुकीचा रांजण उघडला. काखेतीत माणसाची बायको चुकली, रस्ता चुकला, देव चुकला तरी चालतं. पण ज्याला स्वतःच्या खोलीतला स्वतःचा रांजण ओळखता येत नाही, त्याच्या नातवंडांनासुद्धा गाव सुखाने जगू देत नाही. आणि ही गोष्ट सांगायची कोणाला? जुंबेरला! तो ती दर मेजवानीला चढत चढत सांगेल, खेचरापासून सुरुवात करून!

एवढ्यात लामारा आली. तिने आत पाहिलं, आणि तोंडाला एप्रन लावला. मी तिला कोपऱ्यात ओढलं.

"परत बंद करता येईल का गं?" मी दात खात विचारलं.

"अरे माणसा, चोवीस वर्षांच्या वाइनला वारा लागलाय. दोन दिवसांत व्हिनेगर होईल. खातुनाचं लग्न काय लोणच्याने लावणार?"

"मग काय करू?"

"लग्न कर," ती म्हणाली आणि ब्रेड आणायला निघून गेली.

तोवर जुंबेर कुंपणावर चढून ओरडत होता. आमच्या गावात आग लागली तर तासाभराने बादली येते, पण रांजण उघडला म्हटल्यावर पाच मिनिटांत टेबलं आली. चीज भरलेली खाचापुरी आली, मेंढा आला, गाणारे तिघे आले. सगळे माझ्या पाठीवर थापा मारत होते आणि प्रत्येक थापेला मी मनातल्या मनात एक शिवी देत होतो. हेंकने पहिला प्याला प्यायला आणि लगेच दुसऱ्यासाठी पुढे केला. तेवढं एक समाधान!

तमादा कोणाला केलं हे सांगायला नकोच. जुंबेर उभा राहिला. मी सुरी घट्ट धरली. म्हटलं, खेचराचं नाव काढू दे, लग्न गेलं खड्ड्यात.

पण त्याने पहिलाच प्याला माझ्या बाबांच्या नावाने उचलला. बाबांनी त्याला वेल छाटायला कसं शिकवलं, ते सांगितलं. उत्तरेच्या उताराची द्राक्षं ते नेहमी उशिरा का तोडायचे, ते सांगितलं. मीसुद्धा विसरलो होतो. "अकरा वर्षं हा प्याला माझ्या घशात अडकलाय, शाक्रो," तो म्हणाला. मला रडू आलं, आणि जुंबेरमुळे रडू आलं म्हणून आणखी राग आला. मी प्याला रिकामा केला आणि ओरडलो, "झालं! दिली मुलगी! आणा तो फोन!"

मी तिबिलिसीला फोन लावला आणि आवाज होईल तेवढा भारदस्त काढला. "खातुना, तुझ्या बापाने तुझा रांजण उघडलाय. स्वतःच्या हाताने. विचारपूर्वक! मालखाझला घेऊन संध्याकाळपर्यंत ये. मी लग्नाला परवानगी देतो."

पलीकडून आधी किंकाळी, मग हुंदका. मग ती म्हणाली, "बाबा, तुम्ही किती चांगले आहात! आता लपवत नाही. आम्ही जानेवारीतच लग्नाची नोंदणी केली. फक्त तुमच्या वाइनसाठी थांबलो होतो."

मी फोन खाली ठेवला. लामारा चीज कापत होती, फार बारीक. जुंबेर आभाळात ढग शोधत होता. गाणारे तिघे एकमेकांचे बूट बघत होते. अख्ख्या टेबलावर माझ्याइतकाच अडाणी, माझ्या बाजूचा असा एकच माणूस उरला होता. मी त्याच्याकडे वळलो.

"हेंक, बघितलंत? पाच महिने! आपल्या दोघांना सोडून सगळ्या गावाला माहीत होतं!"

हेंकने प्याला अदबीने खाली ठेवला. "महोदय शाक्रो, मला ते मंगळवारी बसमधून उतरताच कळवण्यात आले होते," तो म्हणाला. "तुम्हाला कळू देऊ नये, असेही बजावण्यात आले होते."